चितेवाचूनचा अग्नी

काशीच्या घाटांवर महाराष्ट्राने किती द्रव्य ओतले हे पाहावयाचे असेल, तर मणिकर्णिकेपासून ब्रह्माघाटापर्यंत पायी चालत जावे. शिंदे घाट बायजाबाईंनी १८३० च्या सुमारास बांधविला. तो स्वतःच्याच भाराने खचला, आणि तेथील रत्नेश्वराचे देऊळ आजही कलत्या स्थितीत उभे आहे. पुढे नागपूरकर भोसल्यांचा घाट, त्यापुढे पंचगंगेवर औंधच्या प्रतिनिधींनी उभारलेले बिंदुमाधवाचे मंदिर, आणि अखेरीस पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित पाटणकर यांचे नाव ज्याच्याशी निगडित आहे तो दुर्गाघाटाचा मराठी मोहल्ला. या मालिकेत शिंदे आणि भोसले यांच्या दरम्यान संकठा घाट येतो. वर संकठा देवीचे मंदिर, शुक्रवारी तेथे पाय ठेवावयास जागा नसते. जवळच यमेश्वर आणि यमादित्य. बदलीच्या नोकरीत काशी ज्यांच्या वाट्याला आली अशा आम्हां कारकुनांपैकी काहींची बिऱ्हाडे याच गल्ल्यांत असतात, आणि कचेरीतून परतल्यावर संध्याकाळी हवा खावयास पायऱ्यांवर येऊन बसणे हा त्यांचा परिपाठ असतो. गंगेकडे तोंड करून बसले की उजव्या हाताला मणिकर्णिकेचा धूर दिसतो. अंधार पडला की धुराऐवजी उजेड दिसतो, इतकाच फरक. तो अग्नी विझत नाही.

या घाटांचा दगडी इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. आम्हांला येथे सांगावयाचा आहे तो इतिहास अग्नीचा आहे, आणि त्यातही जो अग्नी चितेवर चढण्यापूर्वी सत्तर-ऐंशी वर्षे देहात जळत असतो त्याचा.

आपल्या पूर्वजांनी अग्नी दोन्ही ठिकाणी ओळखला होता. गीतेच्या पंधराव्या अध्यायात भगवंतांनी आपण वैश्वानर होऊन प्राण्यांच्या देहात चतुर्विध अन्न पचवितो असे सांगितले आहे. ताटाभोवती पाणी फिरवून प्राणाहुती घेणारा मराठी गृहस्थ त्याच कल्पनेचा मान राखत असतो. कल्पना भव्य खरी. परंतु ती तराजूवर घालून पाहण्याचे काम फ्रान्समधील एका गृहस्थाने केले. आंत्वान लाव्हाझिए हे रसायनशास्त्राचे जनक तर होतेच, पण पोटापाण्यासाठी राजाचा कर वसूल करणाऱ्या मक्तेदारांच्या कंपनीत भागीदार होते. (महसूल खात्यातील आमच्या वाचकांनी याची नोंद घ्यावी, त्याच संबंधापायी १७९४ मध्ये त्यांचे मस्तक गिलोटिनखाली गेले, याचीही.) १७८२-८३ च्या हिवाळ्यात त्यांनी आणि लाप्लास यांनी एका गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या भांड्यात कोंडले आणि त्याच्या अंगच्या उष्णतेने वितळलेले पाणी मोजले. मग त्या प्राण्याच्या उच्छ्वासात जितका कर्बवायू निघतो, तितकाच निघेल इतका कोळसा जाळून किती बर्फ वितळते तेही पाहिले. दोन्ही आकडे बरेच जवळ आले. श्वसन म्हणजे संथ ज्वलन, असा निष्कर्ष त्यांनी काढला. मणिकर्णिकेवरचे लाकूड आणि आपण खाल्लेली पोळी यांचा शेवट सारखाच होतो: प्राणवायूशी संयोग, कर्बवायू, पाणी आणि उष्णता. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या अंगातून जुन्या शंभर वॅटच्या दिव्याइतकी, किंबहुना थोडी कमी, उष्णता अहोरात्र बाहेर पडत असते.

येथेच खरे कोडे सुरू होते. चितेचा जाळ शेकडो अंशांचा असतो आणि आपले शरीर अवघ्या सदतीस अंशांवर तेच काम करते. साखरेचा डबा वर्षभर फडताळात हवेत उघडा ठेवला तरी साखर जळत नाही. काडी लावली तरी ती वितळते, काळी पडते, पण धड पेट घेत नाही. मात्र साखरेच्या खड्याला विडीची राख चोळून काडी लावली, तर तो खडा निळसर ज्योतीने जळू लागतो. राख स्वतः जळत नाही. ती केवळ जळण्यास वाट करून देते. बर्झेलियस यांनी १८३५ मध्ये अशा पदार्थांच्या अंगच्या शक्तीला एक स्वतंत्र नाव दिले. मराठीत आपण तिला उत्प्रेरण म्हणतो. भस्माचे माहात्म्य जाणणाऱ्या काशीत हा प्रयोग शाळांतून मुद्दाम दाखवावा असे आम्हांला वाटते.

देहात ही राखेची कामगिरी करणारे जे पदार्थ, त्यांना परिभाषाकोशकारांनी 'विकर' म्हटले आहे आणि लोक एन्झाइम म्हणतात. त्यांचे कार्य समजावून सांगताना परदेशी ग्रंथकारांना बरेच प्रयास पडतात. आपल्या भाषेत मात्र 'घाट' या एका शब्दाने ते साधते. देशावरून कोकणात उतरावयाचे तर उतार पुष्कळ आहे, पण आधी सह्याद्रीचा माथा ओलांडावा लागतो. साखर आणि प्राणवायू यांच्यामध्येही असाच एक डोंगर उभा आहे. खाली जाण्यात लाभ असूनही, तो चढण्यास लागणारी उष्णता नसल्यामुळे साखर डब्यात पडून राहते. काडी लावणे म्हणजे सर्वांना हाकून एकदम माथ्यावर नेणे. विकर तसे करीत नाही. तो डोंगरात खिंड शोधून घाट काढतो. देश आणि कोकण यांच्या उंचीत त्याने तिळमात्र फरक पडत नाही, वाटसरू मात्र दिवसाकाठी शेकड्यांनी उतरू लागतात. रक्तातील कर्बवायू पाण्यात मिसळविणारा एक विकर तर सेकंदाला दहा लाख रेणूंपर्यंत मजल मारतो.

घाटाचा दुसरा अर्थ काशीचा. उंच काठावरून एकदम गंगेत उडी घेतली तर माणूस आपटेल. पायऱ्यांनी उतरला तर प्रत्येक पायरीवर थांबून काही काम करता येते. चितेत लाकडाची सारी शक्ती एका उडीत सुटते आणि आभाळात जाते. देहात ती पायरीपायरीने सुटते आणि पायरीपायरीला हस्तगत केली जाते. एकेक पायरी म्हणजे एकेक विकर, असे स्थूलमानाने म्हणता येईल.

आता हा देह घडला आहे कशाचा? पाणी आणि क्षार वगळले तर मुख्यतः चार प्रकारचे रेणू. कर्बोदके, म्हणजे साखर, पिष्ट आणि लाकडातील तंतू, स्निग्ध पदार्थ, न्यूक्लिइक आम्ले, ज्यांत पिढ्यान्‌पिढ्यांचे दप्तर लिहिलेले असते, आणि प्रथिने. पहिल्या दोहोंना कोठीतले धान्य म्हणावे, तिसऱ्याला दप्तरखाना, आणि प्रथिनांना राबणारी माणसे. वीस जातींची अमिनो आम्ले माळेसारखी ओवून प्रथिन तयार होते. ती माळ विशिष्ट रीतीने दुमडली की तिच्या अंगी एखादी खोबण तयार होते आणि त्या खोबणीत नेमका एकच पदार्थ बसतो. एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये कुलूप-किल्लीचा दृष्टांत दिला तो यावरच. पुढे असे आढळले की किल्ली शिरताना कुलूपही थोडे आकार बदलते. पण दृष्टांत टिकून आहे, आणि तो टिकण्यासारखाच आहे.

हे सारे कळण्यास दीडशे वर्षे लागली. फ्रान्सच्याच रेओम्युर यांनी १७५२ मध्ये एका पाळीव घारीला जाळीची टोके असलेल्या धातूच्या नळीत मांस घालून गिळावयास लावले. नळी चिरडणे जठराला शक्य नव्हते, तरी आतले मांस विरघळले. म्हणजे पचन हे दळणे नव्हे, रसाचे काम आहे. १८३३ मध्ये पेयां आणि पेर्सो यांनी मोड आलेल्या सातूतून पिष्टाची साखर करणारा पदार्थ वेगळा काढला. नाचणीला मोड आणून सत्त्व करणाऱ्या आमच्या आज्या तोच पदार्थ पिढ्यान्‌पिढ्या राबवीत आल्या होत्या. नाव तेवढे दिलेले नव्हते.

त्यानंतरचा वाद आपल्या विरजणावरून चांगला समजतो. दुधात विरजण घातले की दही होते. परंतु हे काम विरजणातील जिवंत जंतू करतात, की त्यांच्या पोटातील एखादा निर्जीव पदार्थ? मद्याच्या आंबण्याबाबत हाच प्रश्न लीबिग आणि पाश्चर यांच्यात पेटला. जीवाशिवाय आंबणे नाही, असे पाश्चर यांचे ठाम मत होते आणि त्यांच्या प्रयोगांपुढे लीबिग यांचे काही चालले नाही. दोघेही निवर्तल्यावर, १८९७ मध्ये, एडुआर्ट बुखनर यांनी यीस्ट वाळूत घोटून, प्रचंड दाबाखाली पिळून त्याचा रस काढला. तो रस औषधी उपयोगासाठी टिकवावयाचा होता, म्हणून मुरंब्यात आपण घालतो त्याच बेताने त्यात साखर घातली गेली; आणि रसाला बुडबुडे येऊ लागले! यीस्टची एकही जिवंत पेशी नसताना साखरेचे मद्य होत होते. जीव आणि निर्जीव यांच्यामधली एक भिंत त्या दिवशी पडली. वास्तविक पाश्चर यांची निरीक्षणे खोटी नव्हती. कारखाना जिवंत पेशीतच उभा राहतो, पण यंत्रे कारखान्याबाहेर काढली तरी काही काळ चालतात, इतकेच त्यांना ठाऊक नव्हते.

ही यंत्रे प्रथिनांची असतात हे सिद्ध केले अमेरिकेतील जेम्स समनर यांनी, १९२६ मध्ये. त्यांनी युरियाचे विघटन करणारा विकर स्फटिकरूपात काढला तो आपल्या परसातल्या अबईच्याच कुळातील एका शेंगेच्या दाण्यांतून. समनर यांचा डावा हात लहानपणीच शिकारीतील अपघातात गेला होता. एका हाताच्या माणसाने प्रयोगशाळेच्या वाटेस जाऊ नये असा सल्ला त्यांना मिळाला होता. वीस वर्षांनी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

मग वैश्वानराची अखेरची पायरी कोणती, म्हणजे आपण घेतलेला प्राणवायू नेमका कोठे खर्ची पडतो? इंग्लंडातील वुल्व्हरहॅम्प्टन गावी वैद्यकीचा धंदा सांभाळणाऱ्या मॅकमन नावाच्या डॉक्टरांनी १८८० नंतरच्या दशकात प्राण्यांच्या स्नायूंत वर्णपटदर्शकातून काही काळ्या रेषा पाहिल्या आणि हे श्वसनाचे रंगद्रव्य असावे असे लिहिले. जर्मनीतील थोर पंडित होप्पे-झाय्लर यांनी ते अमान्य केले. गावच्या डॉक्टराचे कोण ऐकतो! मॅकमन १९११ मध्ये उपेक्षितच वारले. पुढे १९२५ मध्ये केंब्रिज येथे डेव्हिड कायलिन घोड्याच्या पोटात वाढणाऱ्या एका माशीचा अभ्यास करीत असता त्यांना त्याच रेषा दिसल्या. त्या त्यांनी यीस्टमध्येही पाहिल्या. मिश्रण हवेत हलविले की रेषा नाहीशा होत. थोडा वेळ स्वस्थ ठेवले की पुन्हा उमटत. श्वसन चालू असताना ते उघड्या डोळ्यांनी पाहणारा हा बहुधा पहिलाच मनुष्य. त्या द्रव्यांना त्यांनी सायटोक्रोम, म्हणजे पेशीचा रंग, असे नाव दिले. अन्नातून काढून घेतलेले इलेक्ट्रॉन ही द्रव्ये आपल्या लोहाच्या अणूवर घेऊन हातोहात पुढे देतात, आणि रांगेच्या शेवटी उभा असलेला विकर ते प्राणवायूच्या स्वाधीन करतो. सायनाइड त्या शेवटच्या विकराला मिठी मारते आणि मनुष्य रक्तात प्राणवायू भरपूर असताना गुदमरून मरतो. वाटेत सुटलेली शक्ती धरणात पाणी अडवावे तशी कशी साठविली जाते, हे पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडले. आणि ती ज्या एटीपी नावाच्या नाण्यात खर्चिली जाते त्याच्या शोधकांत आंध्रचे येल्लाप्रगडा सुब्बाराव (१९२९) होते.

मणिकर्णिकेच्या पायऱ्यांवर गंगेचे अखेरचे स्नान घालून ठेवलेला देह आणि शेजारी उभा असलेला त्याचा मुलगा, या दोहोंत द्रव्यदृष्ट्या भेद फार थोडा आहे. प्रथिने तीच, साखर तीच, दप्तरही बहुतांशी अजून शाबूत. विकरसुद्धा लगेच मरत नाहीत. उलट धनी नसलेल्या घरातल्या नोकरांसारखे ते काही काळ घरच खाऊ लागतात. थांबलेली असते ती रांग. इलेक्ट्रॉन हातोहात जात नाहीत, पायऱ्यांची उतरण बंद पडली आहे, म्हणून उरलेली वाट चितेला एका उडीत संपवावी लागते. हे कळल्याने शोक कमी होतो असे आम्ही म्हणणार नाही.

ज्या वर्षी मॅकमन वारले त्याच वर्षी, १८ जून १९११ रोजी, इंदूर येथे कमला भागवत यांचा जन्म झाला. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरातली ही मुलगी. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही बंगळूरच्या टाटा विज्ञानसंस्थेतून निघालेले रसायनज्ञ. थोरली बहीण दुर्गा. दुर्गाबाई भागवतांचे नाव ठाऊक नसलेला मराठी वाचक विरळा; त्यांच्या धाकट्या बहिणीचे नाव ठाऊक असलेला त्याहून विरळा. मुंबई विद्यापीठाची बी.एस्‌सी. पहिल्या क्रमांकाने मिळवून कमलाबाईंनी १९३३ मध्ये बंगळूरला अर्ज केला, तेव्हा सर चंद्रशेखर व्यंकट रामन हे संस्थेचे नुकतेच संचालक झाले होते. त्यांनी स्त्री म्हणून अर्ज नाकारला. कमलाबाई बंगळूरला जाऊन त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या आणि कारण विचारले. अखेर प्रवेश मिळाला तो अटींवर: पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून गणना होणार नाही, मार्गदर्शक सांगतील तर रात्रीही काम करावे लागेल, आणि त्यांच्यामुळे प्रयोगशाळेतील वातावरण बिघडता कामा नये. रामन यांची शास्त्रज्ञ म्हणून थोरवी वादातीत आहे. म्हणूनच ही शेवटची अट वाचताना मान खाली जाते. श्रीनिवासय्या यांच्या कडक हाताखाली कमलाबाईंनी दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले. वर्षअखेर रामन यांची खात्री पटली, आणि त्यानंतर संस्थेचे दार इतर मुलींनाही उघडले.

तेथून केंब्रिज. हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत डेरेक रिश्टर यांच्याबरोबर त्यांनी प्रथम ज्या जातीच्या विकरांवर काम केले, ती जात आपल्या स्वयंपाकघरात रोज भेटते; चिरलेले वांगे पाण्यात न टाकल्यास काळे पडते ते तिच्याच करणीने. नंतर त्या रॉबिन हिल यांच्याकडे वनस्पतींच्या श्वसनाकडे वळल्या. कायलिन यांची रांग प्राण्यांत व यीस्टमध्ये दिसली होती. झाडाझुडपांतही तीच असते काय, हा प्रश्न उभा होता. कमलाबाईंनी बटाटा घेतला. त्याच्या पेशींत सायटोक्रोम सी आढळले, आणि फुलझाडांच्या वर्गात रांगेच्या टोकाचा तो विकरही असतो, हे हिल आणि भागवत यांच्या नावाने १९३९ मध्ये 'नेचर' पत्रात प्रसिद्ध झाले. माणसाचे सायटोक्रोम सी १०४ अमिनो आम्लांचे. चिंपांझीचे अगदी तंतोतंत तेच. बटाट्याचे थोडे लांब आणि बरेच वेगळे, पण घडण एकच. जो अग्नी आपल्यात, तोच शाकाहारी माणसाच्या पानातल्या भाजीत, हे वेदान्त्यांना नवे नसेल. रसायनशास्त्राला नवे होते.

प्रबंध अवघ्या चाळीस पानांचा, आणि काम चौदा महिन्यांत संपलेले. आम्ही सरकारी टिपणे लिहिणारी माणसे, चाळीस पानांत काय मावते ते आम्हांला ठाऊक आहे! 'विज्ञानातील पहिल्या भारतीय स्त्री डॉक्टर' असे त्यांच्याविषयी सर्रास लिहिले जाते. पण जानकी अम्माळ यांना मिशिगनची डी.एस्‌सी. १९३१ मध्येच मिळाली होती, तेव्हा 'पीएच.डी. मिळविणाऱ्या पहिल्या' असे म्हणणे अधिक सुरक्षित. शिवाय त्या काळी केंब्रिज विद्यापीठ स्त्रियांना केवळ पदवीचा किताब देई. पदवीधराचे पूर्ण हक्क तेथे १९४८ मध्ये मिळाले. बंगळूरच्या दाराला कडी होती, तशी केंब्रिजच्या दारालाही होती.

पुढचे आयुष्य आमच्या वाचकांना परिचयाचे वाटेल, कारण ते बदल्यांचे आहे. दिल्लीस लेडी हार्डिंज महाविद्यालय, मग निलगिरीत कुन्नूरची पोषणविषयक प्रयोगशाळा, आणि १९४७ मध्ये श्री. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर मुंबईची विज्ञानसंस्था. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास केला, कुपोषित आदिवासी मुलांना व गर्भवतींना तिचा उपयोग होतो असे दाखविले, आणि त्याबद्दल राष्ट्रपतिपदक मिळविले. १९९८ मध्ये दिल्लीत त्यांच्या सत्काराचा समारंभ चालू असतानाच त्या कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत निवर्तल्या.

मुंबईतील त्यांच्या कामापैकी आम्हांला विशेष जिव्हाळ्याचे वाटते ते वालावरचे. वालाच्या दाण्यात एक प्रथिन असे असते, की ते आपल्या आतड्यातील ट्रिप्सिन या पाचक विकराच्या खोबणीत जाऊन बसते आणि उठतच नाही. खरी किल्ली बाहेर ताटकळते. कीटकांपासून बी राखण्याची ही वालाची युक्ती असावी. सोहोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वालातील हे अडसर-द्रव्य स्फटिकरूपात वेगळे काढून १९५५ मध्ये 'नेचर'मध्येच त्याचे वर्णन दिले. कच्चे वाल बाधतात हे कोकणात पोरालाही ठाऊक असते. ते का बाधतात, याचे एक कारण असे हाती आले. वाल भिजत घालावयाचे, मोड आणावयाचे, कोमट पाण्यात टाकून सोलावयाचे आणि मग डाळिंब्या मऊ होईतो शिजवावयाच्या. यातील आच सर्वांत महत्त्वाची, कारण नीट शिजविल्याने त्या द्रव्याचा जोर बहुतांशी मोडतो. येथे संकठा घाटामागच्या गल्ल्यांत वालाच्या कोवळ्या शेंगा 'सेम' म्हणून मिळतात. बिरड्यासाठी कडवे वाल मात्र सुट्टीहून परतताना ट्रंकेच्या तळाशी भरून आणावे लागतात.